मोडींत काढण्यापूर्वीं

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत मी माझ्या थोरल्या बंधूंकडे अमेरिकेंतील फीनिक्स शहरीं महिनाभर राहिलों होतों. तेथें असतांना एका अगदीं क्षुल्लक गोष्टीवरून घरांत जो वाद झाला, तो अद्याप माझ्या मनांतून गेलेला नाहीं. नीतीचे प्रश्न मोठ्या प्रसंगींच उभे राहतात अशी आपली एक समजूत असते. हा प्रश्न मात्र परसदारीं, ओल्या फरशीवर, एका बिघडलेल्या यंत्राच्या रूपानें आमच्यापुढें येऊन बसला होता.

फीनिक्स हें वाळवंटांतलें शहर. २०२३ सालीं तेथें लागोपाठ ३१ दिवस दुपारचा पारा ११० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारें ४३ अंश सेल्सिअसपर्यंत, किंवा त्याच्याही वर चढत होता. अशा गांवीं परसांतला पोहण्याचा तलाव ही केवळ चैन म्हणून हिणविण्यासारखी गोष्ट राहत नाहीं. आणि दादांच्या दुखऱ्या गुडघ्यांना तर डॉक्टरांनीं सांगितलेला व्यायाम तोच. परंतु उघड्या तलावाला राखण लागते. वसंतांत पालो व्हर्डे नांवाच्या झाडांचीं पिवळीं फुलें पाण्यावर सडा घालतात, आणि जूनच्या मध्यापासून वादळी मोसम लागला म्हणजे धुळीचे लोट येऊन तळाशीं गाळ बसतो. तो वेळींच काढला नाहीं तर पाण्यांतलें क्लोरिन त्या कचऱ्यावरच खर्ची पडतें, शेवाळ धरूं लागतें, आणि थोडक्याच दिवसांत पाण्यावर हिरवी झांक चढते.

हा गाळ आपोआप काढणारीं यंत्रें तीन जातींचीं आहेत. कांहीं यंत्रें तलावाच्या पंपाच्या ओढीवर चालतात. या जातीचें एक प्रसिद्ध यंत्र फर्डिनंड शोव्हिए यानें १९७४ सालीं दक्षिण आफ्रिकेंत काढलें. कांहीं पंपानें फेकलेल्या पाण्याच्या जोरावर चालतात. तिसऱ्या जातीचीं स्वतःच्या मोटरीवर चालतात. लांब तरंगत्या तारेंतून त्यांना कमी दाबाची वीज मिळते, आणि रबरी पट्ट्यांवर रांगत तीं तळ घांसून कचरा आपल्या पोटांतल्या गाळणींत सांठवितात. दादांचें यंत्र या तिसऱ्या जातीचें. आठ वर्षें त्यानें नेमानें काम केलें, आणि एके सकाळीं तलावाच्या मध्यावर जाऊन तें जें बसलें, तें कांहीं केल्या हलेना.

दुकानदारानें तपासून सांगितलें, “मोटरीच्या पेटींत पाणी शिरलें आहे. पेटी बंद जोडाची, ती उघडत नाहीं. सबंधच बदलावी लागेल. मजुरीसह ४२० डॉलर पडतील. नवें यंत्र ८०० ला मिळेल.” या धंद्यांत एक ठोकताळा रूढ आहे: दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किंमतीच्या निम्म्याहून अधिक होत असेल तर दुरुस्तीच्या फंदांत पडूं नये. येथें तो निम्म्याहून वीस डॉलरांनीं अधिक होता. पुतण्यानें जागच्या जागीं निकाल दिला, “बाबा, तुम्ही सरळ नवीन घ्या.” दादा म्हणाले, “अरे, वीस डॉलरांसाठीं आठ वर्षें चाकरी केलेल्याला हांकलून द्यायचें?” आणि मग माझ्याकडे वळून, “तूं एवढीं वर्षें पोरांना नीतिशास्त्र शिकवतोस; सांग आतां.”

मीं त्या वेळीं हंसून वेळ मारून नेली. पण रात्रीं विचार करूं लागलों, तेव्हां दोघांचीही बाजू मला वाटली होती तितकी सोपी दिसेना.

प्रथम ठोकताळ्याचीच बाजू घेऊं. ती मूर्खपणाची नाहीं. ज्या यंत्राची मोटर आठ वर्षांनीं गेली, त्याच्या पट्ट्या, तार आणि चाकेंही आठ वर्षांचींच आहेत. दुरुस्तीनंतर तें आणखी तीन वर्षें चाललें असें धरलें, तर वर्षाला १४० डॉलर पडले. नवें आठ वर्षें चाललें, तर वर्षाला १००. म्हणजे दुरुस्त केलेलें यंत्र चार वर्षांहून अधिक टिकलें तरच दादांचा व्यवहार शहाणपणाचा. पुतण्याचें गणित बरोबर होतें. प्रश्न एवढाच कीं, या गणितांत कोण कोण बसलें आहे? विकणारा आहे, घेणारा आहे. टाकलेली वस्तु ज्याच्या दारीं जाऊन पडते, तो तिसरा मनुष्य त्यांत कोठेंच नाहीं. २०२२ या एका वर्षांत जगांत विजेच्या उपकरणांचा सुमारें ६ कोटी २० लक्ष टन कचरा झाला, आणि त्यांतला रीतसर गोळा होऊन पुन्हां उपयोगांत आणल्याची नोंद असलेला भाग शेंकडा २३ चाही भरत नाहीं, असें संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालांत नमूद आहे. आपल्या दिल्लींतील सीलमपूरसारख्या वस्तींत असा माल माणसें हातांनीं फोडतात. तारेंतलें तांबें काढण्यासाठीं तिच्यावरचें आवरण जाळलें म्हणजे जो धूर होतो, तो कोणाच्या छातींत जातो याची नोंद कोणत्याही दुकानाच्या बिलावर नसते. किंमत ही सत्य सांगते, पण अर्धेंच.

आतां दादांची बाजू. आठ वर्षांच्या चाकरीबद्दल यंत्राचें आपण कांहीं देणें लागतों काय? मिलिंदपञ्हांत नागसेन राजाला विचारतो कीं, रथ म्हणजे चाक, कीं आंस, कीं जूं? ग्रीकांनीं हाच प्रश्न थीसियसच्या जहाजाविषयीं केला होता: एकेक फळी बदलतां बदलतां सर्वच बदलल्या, तर तें जहाज तेंच राहिलें काय? आज मोटर बदलावी, पुढल्या वर्षीं पट्ट्या, त्यापुढल्या वर्षीं तार. मग ज्यानें चाकरी केली तो उरला कोठें? वस्तूवरची आपली निष्ठा ही पुष्कळ वेळां स्वतःच्या गेलेल्या दिवसांवरची माया असते. ती माया वाईट नव्हे. पण तिला कर्तव्याचें नांव देतां येणार नाहीं. निर्जीव वस्तूंविषयींचें आपलें कर्तव्य हें वळणानें माणसांविषयींचेंच कर्तव्य असतें, असें कांट आपल्या नीतिशास्त्रावरील व्याख्यानांत सांगतो. मला जें निरुपयोगी, तें दुसऱ्या कोणाला उपयोगी पडण्याजोगें असूं शकतें. म्हणजे दादांना यंत्राची दया यावी याचें कारण नव्हतें. दया यावयाची तर ती त्या तिसऱ्या मनुष्याची.

येथवर आल्यावर माझ्या मनांत एक अभिमान डोकावूं लागला, हें मी कबूल करतों. मला आमचें पुण्याचें घर आठवलें. आईच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होत, भांड्यांना दरसाल कल्हई होई, फुटक्या तपेल्याला डाख लागे, छत्रीच्या काड्या बदलत, आणि वहाणा तीनदां तळ लावल्याखेरीज टाकल्या जात नसत. हें सारें पुतण्याला ऐकवावें, आणि जुन्या संस्कृतीचा मोठेपणा त्याच्या पदरीं घालावा, असें मनांत आलें. पण त्याच आठवणींत कल्हईवालाही बसलेला होता. अंगणांत भाता फुंकीत तो अर्धा दिवस घामाघूम होई, आणि उठतांना त्याच्याशीं पै-पैशाची घासाघीस होई. वहाणांना तीन जन्म देणारा कारागीर तर उंबऱ्याच्या आंत कधीं आला नाहीं. आम्हीं त्याला येऊं दिलें नाहीं. आमची काटकसर खरी होती; परंतु तिचा बराचसा भार त्या माणसांच्या पोटावर पडत होता. फीनिक्सला वस्तु टाकून देतात, कारण तेथें माणसाचा तास महाग आहे. आम्हीं दुरुस्त करीत होतों, कारण आमच्याकडे माणसाचा तास स्वस्त होता. यांत आमचा सद्गुण किती आणि आमची सोय किती, याचा निवाडा करतांना मला माझीच लाज वाटली.

तेव्हां दुरुस्ती हा सद्गुण व्हावा असें वाटत असेल, तर तिची न्याय्य मजुरी देण्याची आपली तयारी हवी. दुकानदारानें सांगितलेल्या ४२० डॉलरांत मजुरीचा भाग मोठा होता, आणि तोच घरांत सर्वांच्या डोळ्यांत सलत होता. पण तो भाग एका जाणत्या हाताला मिळणार होता. ‘एवढे पैसे नुसत्या मजुरीचे!’ असें आपण म्हणतों, तेव्हां त्या ‘नुसत्या’ शब्दांत आपला सारा जुना अन्याय दडलेला असतो.

असें असलें तरी जें जें जुनें तें तें जपावें, असें मी म्हणणार नाहीं. विजेचा दुप्पट घास घेणारें जुनें शीतकपाट वर्षानुवर्षें चालविणें ही काटकसर नव्हे. पाण्यांत बुडणारी फाटकी तार चिकटपट्टीनें बांधून ठेवणें हा तर गुन्हाच. शिवाय माणसाच्या आयुष्यालाही किंमत आहे. दादांनीं स्वतःच यंत्र उघडून पाहण्याचा बेत केला, तेव्हां पुतण्या मला म्हणाला, “काका, बाबांचे दोन शनिवार यांत जातील. त्यांची किंमत कोणी धरायची?” या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें. दादांजवळ होतें. ते म्हणाले, “अरे, दुसरें करून करून मी त्या दोन शनिवारीं काय केलें असतें?”

आणखी एक पक्ष या वादांत हजर नव्हता: तो म्हणजे यंत्र करणारा. वस्तु मोडते त्या दिवशीं आपण निवड करतों असें आपणांस वाटतें. वास्तविक निम्मी निवड ती घडविली त्या दिवशींच होऊन गेलेली असते. विजेचे दिवे करणाऱ्या बड्या कारखानदारांनीं १९२४ सालीं फीबस नांवाचा संघ स्थापून दिव्याचें आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवलें, हा इतिहास आहे. पाण्यांत चालणाऱ्या मोटरीची पेटी बंद असण्यांत तशी लबाडी असेलच असें नाहीं. पाणी आंत शिरूं नये हेंही कारण खरें आहे. पण सुटे भाग आणि माहितीपत्रकें ग्राहकाला मिळालींच पाहिजेत, हा हक्क आतां कोठें मान्य होऊं लागला आहे. फ्रान्समध्यें २०२१ पासून कित्येक उपकरणांवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापावे लागतात; कॅलिफोर्नियाचा यासंबंधींचा कायदा १ जुलै २०२४ पासून अंमलांत आला; आपल्या सरकारनेंही २०२२ च्या डिसेंबरांत या कामासाठीं एक संकेतस्थळ उघडलें. तेव्हां दुरुस्त करावें कीं बदलावें हा प्रश्न विकत घेतांनाच विचारला पाहिजे. जी वस्तु उघडतां येत नाहीं, ती आपण विकत घेत नसतों. मुदतीपुरती भाड्यानें आणीत असतों.

दादांचें काय झालें तें सांगतों. मोटरीची पेटी सुटी विकत मिळते असें त्यांना आढळलें; ती २६० डॉलरांना आली. दोन शनिवार ते परसांत मांडी ठोकून बसले. पहिल्या शनिवारीं पुतण्या खिडकींतून पाहत होता. दुसऱ्या शनिवारीं वडिलांचा हात एका खोल जागीं पोंचेना, तेव्हां तो न बोलतां शेजारीं येऊन बसला. संध्याकाळीं यंत्र पाण्यांत सोडलें आणि तें रांगूं लागलें. जुनी पेटी मात्र कचरा म्हणूनच बाहेर गेली. तेथल्या संकलन-केंद्रावर ती देऊन आलों. म्हणजे आमचे हात पूर्ण स्वच्छ राहिले असें नव्हे. आणि यंत्र पुढें किती वर्षें टिकतें, तें गणित अद्याप पुरें व्हावयाचेंच आहे.

पुण्यास परतलों तेव्हां आमच्या घरचा मिक्सर बंद पडून कपाटावर ठेवलेला होता, आणि नव्याची चौकशी चालली होती. तो घेऊन मी पेठेंतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलों. त्यानें तो माझ्यासमोर उघडला, झिजलेला भाग दाखविला, नवा बसविला, आणि साडेतीनशें रुपये सांगितले. सवयीनें ‘तीनशें घ्या’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते मीं गिळले, आणि पैसे मोजून दिले.