गोडीचा मुखवटा

कोणत्याही वस्तूला दिलेले नाव हे एक प्रकारचे आश्वासन असते. 'औषध' म्हटले की रोगमुक्तीची आशा बाळगावी, 'प्रसाद' म्हटले की निःशंक मनाने हात पुढे करावा, अशी भाषेची शिकवण आहे. १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडामध्ये प्रौढांना गांजाची खरेदी कायद्याने खुली झाली. अमेरिकेच्या कित्येक राज्यांतही ती खुली आहे. तेथील दुकानांत 'वेडिंग केक', 'आईस्क्रीम केक', 'जेलाटो' अशी नावे आढळतात. ही मिठाईची यादी नव्हे, गांजाच्या वाणांची आहे. शिक्षण वा नोकरीनिमित्त तिकडे गेलेली मुले आपल्याही कुटुंबांत आहेत. म्हणून हा प्रश्न परका मानता येत नाही. जे बुद्धीला गुंगी आणते, त्याला मिष्टान्नाची गोडी द्यावी काय?

अशा अनेक वाणांवर 'इंडिका' असा शिक्का असतो. हे नाव आपल्याच देशावरून पडले. १७८५ साली लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून ते दिले. 'इंडिका'ने अंग सैल पडते व झोप येते, असे विक्रेते सांगतात. परंतु ही विभागणी रोपांच्या खऱ्या वंशाशी नीट जुळत नाही, असे अलीकडच्या जनुकीय अभ्यासांत दिसून आले आहे. गोड वासाचे रहस्य तर अगदी साधे आहे. मादी फुलावरील चिकट ग्रंथींत सुगंधी द्रव्ये तयार होतात. त्यांतील एक लिंबाच्या सालीत असते, दुसरे मिरी-लवंगेत, तिसरे आपल्या धन्यांत. निवडक रोपांचा संकर करीत त्यांचे प्रमाण हवे तसे साधले जाते. त्याच ग्रंथींत टीएचसी हे नशा आणणारे द्रव्यही तयार होते. मेकूलम व गाओनी या इस्रायली शास्त्रज्ञांनी १९६४ साली ते वेगळे काढले. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९५ साली त्याचे सरासरी प्रमाण सुमारे ४ टक्के होते. २०१४ साली ते सुमारे १२ टक्क्यांवर गेले. वास गोड साधला गेला आणि अंमल मात्र तीव्र झाला.

नशेला गोडी लावणे आपल्या भूमीलाही नवे नाही. महाशिवरात्रीची भांगेची थंडाई आणि माजूम ही त्याची जुनी उदाहरणे. मुंबई इलाख्यात गांजाचे पीक मुख्यतः अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात होत असे. १८९३-९४ साली इंग्रज सरकारने नेमलेल्या आयोगाने, माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, म्हणून संपूर्ण बंदी नको, असा निष्कर्ष काढला होता. हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे; पण तो निर्णय त्या काळच्या गांजाविषयी होता, हेही तितकेच खरे. १९८५ च्या कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी आली. नुसत्या पानांची भांग मात्र त्या व्याख्येबाहेर राहिली.

त्याच अहिल्यानगरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात नारायणगड आहे. 'धाकटी पंढरी' म्हणून ख्याती असलेल्या या गडावर आषाढी एकादशीला भाविकांची दाटी होते. तुळशीची माळ घालणारा वारकरी नशेपासून दूर राहण्याचा नेम उघडपणे, चारचौघांत स्वीकारतो. आमचा उपासनामार्ग निराळा. तरीही या नेमात आम्हांला एक मोलाची गोष्ट दिसते. तेथे व्यसनाला व्यसनच म्हटले जाते. एकादशीला उपवास कडकच ठेवतात आणि साखरफुटाण्यांचा प्रसाद गोडच असतो; गोडी कशावर पांघरूण घालीत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी सांगितले आहे की, माणूस वाईटाला वाईट म्हणून कधीच वरत नाही. त्यात काहीतरी चांगले दिसते म्हणूनच तो त्याकडे वळतो. मिष्टान्नाच्या वासाचा गांजा नेमका हाच व्यवहार करतो. पूर्वीच्या गांजाचा उग्र वास ही एक राखण होती. तो घेणाऱ्याला क्षणभर थबकवी आणि घरच्यांना सावध करी. ती राखण काढून टाकणे म्हणजे माणसाच्या इच्छेशी खोटे बोलणे होय. याची सर्वांत मोठी किंमत लहानग्यांना मोजावी लागते, कारण नावातली मिठाई पुढे ताटातली मिठाई होते. सहा वर्षांखालील मुलांनी गांजायुक्त खाऊ खाल्ल्याच्या नोंदी अमेरिकेतील विषबाधा केंद्रांकडे २०१७ साली २०७ होत्या. २०२१ साली त्या ३,०५४ झाल्या. मुलाने काही निवडले नव्हते. त्याने केवळ गोडीवर विश्वास ठेवला होता.

यावरून वनस्पतीलाच दोष देणे योग्य नव्हे. सर्व वनस्पती देवाने निर्माण केल्या आणि त्या चांगल्या आहेत, ही आपली श्रद्धा आहे. असह्य वेदनेत, शुद्ध काहीशी मंदावली तरी, वेदनाशामक घेण्यास पोप बारावे पायस यांनी १९५७ साली अनुमती दिली होती. रुग्णाला त्याच्या औषधाविषयी सत्य सांगितलेले असते. मिठाईचे नाव घेऊन आलेली नशा ते सत्य लपविते. अशा करमणुकीच्या मादक द्रव्यांना कायदेशीर मान्यता देण्यास पोप फ्रान्सिस यांनी २०१४ साली स्पष्ट विरोध केला होता.

तरुण मात्र आपल्याला एक रोकडा प्रश्न विचारतील : लग्नात, बारशात प्याला चालतो, मग आमच्यावरच डोळे का? या प्रश्नाला रागावून उत्तर देता येणार नाही. काना गावच्या लग्नात द्राक्षारस होता, हे खरे. पण संत थॉमस यांच्या मते, जाणूनबुजून विवेक हरपेपर्यंत पिणे हे पापच आहे, पेय कोणतेही असो. तेव्हा आपल्या मांडवात हा दंडक आधी लागू झाला पाहिजे. तरच परदेशी निघालेल्या मुलाला आपण निर्भयपणे सांगू शकू की, बाळा, गोड नाव ऐकून हात पुढे करू नकोस. त्या नावाखाली काय आहे ते आधी विचार. असे विचारण्याची सवय ज्या घराने लावली, त्या घराचे मूल दूर देशीही एकटे पडत नाही.