गोलाईत नुसते फिरणारे

जुने शहर पायी पाहावे, असे जाणकार सांगतात. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गसारख्या शहरात कॅथेड्रलभोवतीचा जुना भाग लोक चालतच पाहतात. पण पाहायला निघालेल्या माणसाचे त्या शहराशी नाते कोणते? पाहुण्याचे, गिऱ्हाइकाचे की नुसत्या बघ्याचे?

हा प्रश्न आपल्या लातूरच्या गंजगोलाईत जास्त टोचतो. फैयाजुद्दीन या नियोजकाने गोलाईचा आराखडा केला आणि निजामाच्या राजवटीत, १९१७ साली, मधली भव्य दुमजली इमारत उभी राहिली. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर. सोळा रस्ते येथे येऊन मिळतात आणि रस्त्यागणिक बाजार बदलतो. कुठे दागिने, कुठे चपला, कुठे गूळ, कुठे मिरची. (मिरचीचा रस्ता कोणाला विचारावा लागत नाही, ठसकाच सांगतो.)

गाडीतून जाणारा माणूस बाजार पाहतो, पण बाजार त्याला पाहत नाही. पायी चालणाऱ्याचे तसे नसते. दुकानदार लगेच विचारतो, "या, काय दाखवू?" "काही नाही, नुसता फिरतोय," हे उत्तर देताना आपण थोडे ओशाळतो. का बरे? मला वाटते, ज्या जागी प्रत्येक जण पोटासाठी उभा आहे, तिथे आपण डोळ्यांच्या हौसेसाठी आलो आहोत, हे त्या क्षणी आपल्याला कळते.

म्हणून पायी फिरणे म्हणजे आपोआप नम्र होणे, असे मी मानत नाही. पाठीवर पोते घेतलेला हमालही पायीच चालतो, पण त्याला कोणी 'फिरणारा' म्हणत नाही. एखादी बाई काही न घेता तासभर गोलाईला फेऱ्या मारू लागली, तर तिच्याकडे किती नजरा वळतील? निवांत चालणे हीदेखील एक मिळकत आहे आणि ती सर्वांच्या वाट्याला सारखी आलेली नाही. जुन्या भिंतीचे पोपडे आपल्याला सुंदर वाटतात. त्या भिंतीआड राहणाऱ्याला पावसाळ्यात काय वाटते?

नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात याला एक वेगळे उत्तर मिळते. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला, तिथे आज कोणीही जावे. डोके झाकायचे, चपला बाहेर काढायच्या आणि लंगरमध्ये जमिनीवर पंगतीत बसायचे. शेजारी कोण बसला आहे, हे आपण ठरवत नाही. बघ्याचा बघेपणा तिथे फार वेळ टिकत नाही, कारण ताटात वाढलेले असते.

गोलाईत अशी पंगत नाही. पाव किलो गूळ घेतला म्हणजे हिशेब चुकता झाला, असेही नाही. पण हमाल मागून "सरका, सरका" म्हणत येतो, तेव्हा कमानीचा फोटो अर्धवट सोडून बाजूला व्हावे. त्याला अजून बऱ्याच खेपा करायच्या असतात.