पत्रा बसवायचा राहिला

नाना सरकारी अभियंता होते. निवृत्त झाले तरी पाहणीची सवय सुटली नाही. फक्त पुलांच्या आणि मोऱ्यांच्या जागी आता देवळं, लेणी आणि नातेवाइकांची नवी घरं त्यांच्या तावडीत सापडायची. नेहमीची ठिकाणं नकोत, जरा वेगळं काहीतरी बघू, ही मूळ कल्पना नातीची, म्हणजे चिऊची. नानांनी ती उचलली आणि मोबाइलमध्ये टिपणं भरायला घेतली. नाणेघाट, आळे, खोडद, निघोज. टिपणं पुरी होईस्तोवर सहल चिऊची राहिली नव्हती. कल्याणहून गाडी सुटली तेव्हा पुढच्या सीटवर नाना, मागे माई आणि चिऊ, आणि स्टिअरिंगवर भाड्याच्या गाडीबरोबर आलेला बापू.

बापू पन्नाशीचा. माळशेज चढताना तो म्हणाला, "साहेब, मी हिकडचाच," आणि पुढचं वाक्य जुळवेपर्यंत नाना धबधब्यांवर पोचले होते. फेब्रुवारीअखेर माळशेजला धबधबा कुठून असणार? पण टिपणात होता, म्हणून नानांनी तो कोरड्या कड्यावर दाखवला.

नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण चिऊला बेहद्द आवडला. तिच्यापेक्षा उंच, पोट सुटलेला, वाटेच्या कडेला निवांत बसलेला. "हा दोन हजार वर्षांपूर्वीचा टोलनाका," नाना म्हणाले. सोपारा-कल्याणच्या बंदरांवरून माल या घाटानं वर जुन्नरला आणि पुढे सातवाहनांच्या पैठणला जायचा, आणि जकातीची नाणी या रांजणात पडायची, असं सांगतात. जवळच गुरं राखणारा एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "आमीबी जकातीचाच म्हणतो. पर घाट चढून आल्याला माणूस आधी पैसं काढंल का पाणी मागंल?"

प्रश्न वाईट नव्हता. नाना मात्र "चला, लेणं बघू" म्हणून वळले होते.

लेण्याच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे: कोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दान दिले, आणि हे सगळे आकडे अंकांत कोरलेले. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. पुतळे गेले, वरची नावं राहिली. नाना स्क्रीनवरून एकेक नाव वाचत होते, सिमुक, सातकर्णी, नागनिका, आणि चिऊ खाली उकिडवी बसली होती. "नाना, पाय!" पुतळ्यांची पावलं तेवढी दगडाला चिकटून राहिली आहेत, घोट्याच्या वर काही नाही. "हो, हो, येतोय त्यावर," नाना म्हणाले. आले नाहीत.

मुक्काम जुन्नरला झाला. शिवनेरीला एक अख्खा दिवस द्यायला हवा, तो पुढच्या खेपेला, असं ठरलं. हा नानांचा एकच निर्णय माईंना मनापासून पटला.

सकाळी आळे. ज्या रेड्याच्या मुखातून ज्ञानेश्वरांनी पैठणला वेद वदवले, तो रेडा पुढे त्यांच्या आणि त्यांच्या भावंडांबरोबर चालत आला, आळ्याला त्याने देह ठेवला आणि ज्ञानेश्वरांनी तिथेच त्याला समाधी दिली, अशी श्रद्धा आहे. रेड्याच्या समाधीवर देऊळ, रोज पूजा, वर्षाला यात्रा. देशात किती जनावरांच्या वाट्याला हे येतं? दारात फुलं विकणाऱ्या बाईंनी बापूकडे निरखून पाहिलं. "कोण रं? खोडदचा का तू?" बापू हसला, मान हलवली. नाना तेव्हा पैठणच्या ब्रह्मवृंदाची बाजू समजावून सांगत होते, त्यामुळे हे त्यांच्या कानावर गेलं नाही.

माईंच्या मात्र गेलं. गाडीत बसताना त्या म्हणाल्या, "अहो, माउलींनी रेड्याला बोलू दिलं. आपल्या बापूला कालपासून एक वाक्य पुरं करता आलेलं नाही."

"म्हणजे काय? बोल की रे बापू," नाना म्हणाले, आणि लगेच नारायणगावच्या द्राक्षांवर बोलू लागले.

खोडद जवळ आलं तशा शेतांच्या वर त्या दिसायला लागल्या: पांढरट, अवाढव्य, आभाळाकडे तोंड केलेल्या तबकड्या. खाली उभी पिकं, मधे विहीर, बांधावर बैल, आणि मागे ४५ मीटर व्यासाची अँटेना. अशा ३० आहेत. त्यातल्या १४ मधल्या चौकात दाटीनं आणि उरलेल्या १६ तीन दिशांना, गावोगावच्या रानांत पांगलेल्या. गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञानं १९७०च्या सुमारास उटीला डोंगरउतारावर एक दुर्बीण उभारली होती. ही त्यांची त्याहून मोठी करामत. ताऱ्यांकडे बघायची नव्हे, आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपायची दुर्बीण.

२८ फेब्रुवारी, विज्ञान दिन, म्हणून ती लोकांना खुली होती. शाळांच्या बसगाड्या, धूळ, उसाचा रस. फाटकावर सांगण्यात आलं, मोबाइल बंद करा. नुसता आवाज बंद नव्हे, अख्खा फोन. ही यंत्रं जे टिपतात ते इतकं क्षीण असतं की जवळचा एक चालू फोनसुद्धा त्यावर मात करतो. नानांनी फोन बंद केला, आणि टिपणं गेली.

तरी नाना थांबणारे नव्हते. एका अँटेनाखाली गर्दीत उभे राहून त्यांनी वर पाहिलं. तबकडीतून आरपार आभाळ दिसत होतं. नुसता सांगाडा आणि त्यावर डोळ्याला जेमतेम दिसणारी जाळी. नानांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं.

"काम अर्धवट आहे," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "पत्रा बसवायचा राहिला. निधी संपला की असंच होतं. सांगाडा उभा करायचा, उद्घाटन उरकायचं, पुढचं राम भरोसे. मी ३५ वर्षं हेच बघितलंय."

अधिकारवाणी ही मोठी गोष्ट आहे. आजूबाजूच्या माना हलल्या. एका बापानं पोराला उचलून दाखवलं, "बघ, पत्राच नाही." एका गुरुजींनी तर खिशातून डायरी काढून टिपून घेतलं.

"पत्रा नसतोच त्याला, साहेब," मागून बापू म्हणाला.

नाना वळले. "तुला काय ठाऊक?"

"मी जाळी बांधलीय तिची. मी खोडदचाच. बारावीला गचकलो, आन् हितं काम निघालं व्हतं, तवा लागलो." बापूनं हात वर करून बोट फिरवलं. "त्या लोखंडी कमानी मोजा, १६ भरतील. दोन कमानींच्या मधी तारदोर ओढायचे, एकेक ताणून बरोबर वाक आणायचा, आन् त्यावर ही स्टेनलेसची जाळी. तार केसावानी बारीक. बोटं कापायची." त्यानं डावी तर्जनी दाखवली, पेरावर पांढरा वण होता. "आमीबी पयल्या दिवशी हेच इचारलं, की साहेब, पत्रा का न्हाई? तवा साहेब म्हणले, एवढा पत्रा वाऱ्यात धरला तर ती दुर्बीण न्हाई, जहाजाचं शीड झालं. ते पेलायला लोखंड किती लागंल? जाळीतनं वारा निघून जातो. म्हणून तर कमी लोखंडात भागलं, आन् एवढ्या ३० उभ्या राह्यल्या."

नाना गप्प होते. वाऱ्याचा भार म्हणजे त्यांच्या धंद्यातलं मुळाक्षर. पुढचा प्रश्न मात्र त्यांनी विचारला तो खरोखर उत्तर हवं म्हणून. "अरे पण वारा जातो तर लहरी नाही का निसटत भोकांतून?"

"ते मला न्हाई सांगता यायचं. आत पोरं सांगत्यात."

आत प्रदर्शनात जवळपासच्या एका शाळेतली मुलगी पुठ्ठ्याच्या अँटेनामागे उभी होती. पाठ केलेलं भाषण संपवून ती थांबली, तसा नानांनी तोच प्रश्न विचारला. तिनं पट्टी काढली. जाळीचं भोक एक-दोन सेंटिमीटरचं. इथं टिपतात त्या लहरींची लांबी सुमारे २० सेंटिमीटरपासून थेट दोन-अडीच मीटरपर्यंत. "एवढ्या मोठ्या लहरीला भोक कळतच नाही, आजोबा. तिच्यासाठी ती भिंतच." मग तिनं आणखी एक सांगितलं: २०२३ साली जाहीर झालं, की ८.८ अब्ज वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजनचा संकेत या अँटेनांनी टिपला. मधे दुसरी एक दीर्घिका होती, तिनं तो भिंगासारखा मोठा केला म्हणून सापडला.

"म्हणजे पृथ्वी व्हायच्याही आधी निघालेला," चिऊ म्हणाली.

नाना एकदम उठले आणि बाहेर निघाले. माईंना वाटलं, पाणी प्यायला. ते चालले होते त्या डायरीवाल्या गुरुजींना शोधायला. रसाच्या गाड्यापाशी पाहिलं, रांगेत पाहिलं, फाटकापर्यंत धापा टाकत गेले. कोणत्या शाळेचे, विचारलं नव्हतं. कोणत्या रंगाची बस, माहीत नव्हतं. दोन बसगाड्या धूळ उडवत निघून गेल्या होत्या. त्यांतल्या एखादीत चाळीसेक पोरांना आत्ता कोणीतरी सांगत असेल, की पत्रा बसवायचा राहिला.

निघोजच्या वाटेवर फोन चालू झाला तरी नानांनी टिपणं उघडली नाहीत. माई दोनदा पुढे वाकून त्यांचा चेहरा बघून आल्या.

निघोजला कुकडी नदीचं पात्र म्हणजे काळा कातळ, आणि त्या कातळात रांजण. नाणेघाटातला एकच होता आणि माणसानं घडवलेला. इथे एकात एक, एकाला खेटून एक, आणि सगळे नदीनं केलेले. पुराच्या भोवऱ्यात गोटे अडकतात, गरगर फिरतात, खडक घासत खाली खाली जातात. चिऊनं एका कोरड्या खळग्यात उतरून त्यातला एक गोटा उचलून आणला. गुळगुळीत, तळहातावर बसेल एवढा. कुठेच कोपरा नाही.

"याच्या तळाला काय असतं?" तिनं विचारलं. नानांनी तोंड उघडलं, मिटलं आणि बापूकडे पाहिलं.

बापूला एवढंच हवं होतं. "तळ नसतोच काही काहींना. माझ्या चुलत्यानं बाजेची दोरी उसवून सोडली व्हती. मग दुसरी बाज आणली. ती जोडली. तिसरी आणली..."

"शक्यच ना..." नाना म्हणाले.

"नाना, जाळी!" चिऊ म्हणाली.

नानांनी एक आवंढा गिळला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "दोरीला खाली दगड बांधला होता का रे?"

"बांधला व्हता की! सात बाजांची दोरी गेली बघा आत. चुलता म्हणायचा तळ लागला न्हाई. आज्जी म्हणायची, लबाड हाये, निम्मी दोरी इकून तमाशाला गेला. खरं काय ते देवी जाणे, पर घरातली सगळी माणसं पावसाळाभर भुईवर निजली, हे मी सोता बघितलंय."