वाल्या गावात परत आला तर?

गेली सत्तावीस वर्षे मी वर्गात ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ या म्हणीचा अर्थ सांगत आलो आहे. आणि त्याच वर्गात, बहुधा त्याच महिन्यात, वाल्याचा वाल्मीकी कसा झाला हेही सांगत आलो आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, असे एकाही विद्यार्थ्याने मला विचारले नाही. मुलांना ते उमगले असावे. कथा देवघरासाठी असते आणि म्हण रोजच्या वापरासाठी.

पण कथेकडेही जरा नीट पाहावे. वाल्मीकी झाल्यावर तो कुठे राहिला? अरण्यात, आश्रमात. ज्या वाटेवर त्याने लोकांना लुटले, त्या वाटेवरच्या गावात तो भाड्याने खोली मागायला आला नाही. आपण गुन्हेगाराचे सुधारणे मान्य करतो ते दोन अटींवर: त्याने थेट ऋषी व्हावे आणि लांब राहावे. प्रत्यक्षात शिक्षा भोगून परत येणारा माणूस ऋषी नसतो. त्याला काम हवे असते, राहायला छप्पर हवे असते, आणि तो आपल्याच गल्लीत येतो. मग त्याच्यावर गावाने नजर ठेवायची की नाही? ठेवायची तर कशी?

आपल्या भाषेत या नजरेसाठी दोन शब्द आहेत. देखरेख आणि पाळत. रोपाची देखरेख करतात, चोरावर पाळत ठेवतात. डोळे तेच, अंतर तेच. मग फरक कशात? या प्रश्नाचे उत्तर आपल्या इतिहासाने दोन्ही बाजूंनी देऊन ठेवले आहे.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे त्याच्या आधारे सोलापूर, हुबळी, विजापूर अशा ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. कुंपणाच्या आत माणसे, आणि त्यांची हजेरी. ज्याने काहीच केले नव्हते त्याचीही हजेरी, कारण तो एका विशिष्ट घरात जन्मला होता. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. पण गावात चोरी झाली की पहिली धाड कोणत्या वस्तीवर पडते, हे आपल्याला ठाऊक आहे. ही पाळत. तिच्यात पाहणाऱ्याचे काहीच पणाला लागलेले नसते. पाहिला जाणारा बिघडला तर ‘आम्ही म्हणतच होतो’ असे म्हणायला तो मोकळा.

दुसरे उदाहरण याच मुलखातले. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची ती कल्पना आणि तिला जमीन दिली ती सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे भिंतीविना ठेवले गेले. त्यांनी माळरानावर शेती करायची, जवळ बायकामुले असायची. पुढे १९५७ साली शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला, ग. दि. माडगूळकरांची ती कथा याच प्रयोगावरून सुचली. चित्रपट सर्वांना आठवतो, आटपाडीचा माळ आठवत नाही. मला त्या प्रयोगात सर्वांत मोठी वाटते ती एकच गोष्ट. कैदी पळाला असता तर नाव राजाचे गेले असते. राजाने आपले काहीतरी पणाला लावले होते. ही देखरेख.

म्हणजे फरक डोळ्यांत नाही, वाट्यात आहे. वाल्याच्या कथेतही नारदाने घरच्यांना विचारायला लावले ते हेच: पापात वाटेकरी व्हाल का? घरचे नाही म्हणाले. हा प्रश्न आपण कुटुंबापुरता ठेवला. खरे तर तो गावाला विचारायचा आहे, आणि थोडा बदलून: याच्या सुधारण्यात वाटेकरी व्हाल का?

आपला कायदा हा प्रश्न विचारतो, आपणच ऐकत नाही. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याने न्यायालयाला अधिकार दिला आहे की, योग्य वाटल्यास आरोपीला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडावे. ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे. एकवीस वर्षांखालच्या मुलाला तुरुंगात पाठवण्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरचा, अहवाल पाहावा असेही त्यात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने आणखी एक पाऊल टाकले: पाच हजारांखालची पहिली चोरी, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन, अशा काही किरकोळ गुन्ह्यांना समाजसेवेची शिक्षा देता येते. उद्या न्यायालय एखाद्याला आमच्या शाळेचे आवार झाडायला पाठवील. झाडणे ही जर शिक्षा, तर जी बाई रोज पहाटे तेच आवार झाडते तिने कोणता गुन्हा केला, असे मुलांनी विचारले तर मी काय सांगू? कोणते काम आणि कोणाच्या हाताखाली, हे ठरवण्यातच या शिक्षेचा जीव आहे.

आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. जिच्या गळ्यातले मंगळसूत्र ओढले गेले, तिला वाटेकरी व्हा असे सांगण्याचा अधिकार मला नाही. मुलांशी दुर्वर्तन केलेल्याला शाळेच्या फाटकातही उभे करू नये. शिवाय ‘स्थानिक’ म्हटले की गावकी आली, भाऊबंदकी आली, जात आली. एकाला सोडतील, दुसऱ्याला सोलतील. म्हणून निवाडा न्यायालयाचाच हवा. पण निवाड्यानंतरची तीन वर्षे न्यायालय कोणाच्या शेजारी राहायला येत नाही. ती गावालाच काढायची असतात.

हे मी मोठ्या तोंडाने लिहितो आहे; म्हणून माझेही सांगितले पाहिजे. सात-आठ वर्षांपूर्वी आमचा एक माजी विद्यार्थी, वय एकोणीस, शेतातल्या पंपाची तांब्याची तार चोरताना सापडला. परिवीक्षा अधिकारी माझ्याकडे आले. मुलाच्या दाखल्यावर ‘वर्तणूक : चांगली’ हे शब्द माझ्याच अक्षरात होते. तरी मी म्हणालो, ‘शाळा सोडल्यानंतरचे आम्हाला काय माहीत?’ मला मुलगा दिसत नव्हता, शाळेचे नाव दिसत होते.

त्याला जामीन राहिले ते कोपऱ्यावरच्या गॅरेजचे मिस्त्री. मी नंतर त्यांना विचारले, ‘भीती वाटली नाही?’ ते म्हणाले, ‘गेलं तर माझंच जाईल की, सर.’ एवढेच. दुसऱ्या वर्षी गल्ल्यातले चारशे रुपये कमी भरले. कोणी नेले ते अजून कळलेले नाही. मिस्त्रींनी त्याला विचारले नाही आणि काढलेही नाही. मुदत संपली, तो अजून तिथेच आहे. ऋषी झालेला नाही. तंबाखू खातो, सोमवारी उशिरा येतो, पण हातात कसब आहे.

गेल्या महिन्यात शाळेच्या पाण्याच्या पंपाच्या देखभालीचे काम कोणाला द्यावे, याचा विषय संचालक मंडळापुढे आला. मी त्याचे नाव सुचवले. एका सभासदांनी विचारले, ‘उद्या काही झाले तर जबाबदारी कोणाची?’

‘माझी,’ मी म्हणालो. म्हणताना घसा कोरडा पडला, हे लपवत नाही. ठराव पुढच्या सभेवर ढकलला आहे.