रात्रीतून गेलेला मोर्चा

आमचे घर दादरला, आंबेडकर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. ११ मार्च २०१८ च्या रविवारी संध्याकाळी घरात एकच काळजी होती. दुसऱ्या दिवशी पुतणीचा दहावीचा पेपर, आणि नाशिकहून पायी निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा सोमय्या मैदानावर येऊन उतरलेला. एवढी हजारो माणसे सकाळी आमच्याच रस्त्याने आझाद मैदानाकडे निघाली, तर मुलगी परीक्षेला पोहोचणार कशी? वहिनींनी टॅक्सी सांगून ठेवली, मी पाचाचा गजर लावला आणि लावता लावता म्हणालो, "हल्ली मोर्च्याला माणसे रोजाने मिळतात." हे वाक्य काही माझे नव्हते. असली वाक्ये कुणाचीच नसतात. ती लोकलच्या डब्यात, न्हाव्याच्या दुकानात पडलेली असतात आणि आपण ती उचलून घरी आणतो.

पहाटे खिडकीतून पाहतो तो रस्ता मोकळा! परीक्षेच्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून ती माणसे मध्यरात्रीनंतर उठून चालू लागली होती आणि उजाडायच्या आत मैदानावर पोहोचलीही होती. सहा दिवसांत सुमारे १८० किलोमीटर चालून आल्यावर जी काय झोप पदरात पडायची, ती त्यांनी आमच्या मुलीला देऊन टाकली होती.

त्या दिवशी मुंबईला त्यांचे विलक्षण प्रेम आले. कुणी पाणी नेले, कुणी चपला वाटल्या. वहिनींनी बिस्किटांचे पुडे पाठवले. कातडी सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे पाहून मी रोजाचे वाक्य मुकाट्याने गिळले आणि भेटेल त्याला सांगू लागलो, की इतके चालणारा माणूस खोटा असूच शकत नाही.

पुढे कधीतरी मनात आले, की समजा, ती माणसे दिवसा चालली असती आणि पुतणीचा पेपर चुकला असता, तर? फोड तेच असते, पण मी त्यांना दांडगट म्हटले असते. म्हणजे त्यांच्या तळमळीचे माप मी माझ्या सोयीच्या पायलीने घेत होतो. आधी त्यांच्यावर संशय घेतला, मग त्यांची वाखाणणी केली. दोन्ही वेळा मी न्याहाळले ते त्या माणसांना. त्यांच्या हातातला कागद मी पाहिलाच नाही.

त्या कागदात काय होते? कर्जमाफी होती, शेतमालाचा भाव होता. पण सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणकडून आलेल्या आदिवासींचे मुख्य मागणे होते ते पायाखालच्या जमिनीचे. २००६ च्या वनहक्क कायद्याने, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, त्याला ती चार हेक्टरांपर्यंत देऊ केली आहे. कायदा होऊन अकरा वर्षे उलटली होती. कुणाचा दावा फेटाळलेला, कुणाला कसत होता त्याहून कमी जमीन मिळालेली. कायद्यानेच दिलेले मागायला माणसाला इतके चालावे लागते, हे त्या फोडांहून भयंकर होते. आणि हे कळायला फोडांची गरजही नव्हती. फिर्यादी कोर्टात चालत आला की मोटारीने, यावर काही दाव्याचा निकाल लागत नाही.

भाडोत्री मोर्चे निघतच नाहीत असे मला म्हणायचे नाही. छायाचित्र काढून होताच पांगणाऱ्या घोळक्यातून मी स्वतः वाट काढली आहे. पण खरा संशय आला तर माणूस चौकशी करतो. मी कधी केली? माझा संशय म्हणजे पाठ टेकायला ठेवलेला लोड होता.

आणि बेपर्वाई दर वेळी दगडाच्या काळजातून येते असेही नाही; पुष्कळदा ती नुसती सवय असते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांवर कामगार बाहेर पडले, तेव्हा मी कॉलेजात होतो. पहिले काही महिने आमच्या चाळीत रोज विचारपूस चाले. पावसाळा आला, गणपती आले, आणि विचारणे केव्हा थांबले ते कुणाच्याच ध्यानात आले नाही. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कुणी जाहीर केले नाही म्हणतात. आमचे विचारणेही असेच, काही जाहीर न करता थांबले.

मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा मोर्चा निघाला. कांद्याच्या भावाबरोबर वनजमिनीचे मागणे याही वेळी होतेच. तो ठाणे जिल्ह्यात वाशिंदला थांबला. तिथे एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. नंतर आश्वासने मिळाली आणि माणसे परतली. मुंबईपर्यंत मोर्चा आलाच नाही, त्यामुळे चपला वाटायचा प्रसंगही आला नाही.

पुतणी तेव्हा कॉलेजात होती. वर्तमानपत्र खाली ठेवून तिने विचारले, "काका, हे दावे सहा महिन्यांत निकाली काढू, असे सरकारने २०१८ सालीच लिहून दिले होते ना? मग माझ्या पेपरासाठी जे रात्री चालले, त्यांतल्या कितीजणांचे नाव सातबाऱ्यावर चढले?"

घरात आम्ही चौघे होतो. कुणालाच सांगता येईना. थोड्या वेळाने वहिनी म्हणाल्या, "मी बिस्किटे पाठवली होती."