घोडा, गाय आणि चौथं पान

नागपूर

चि. छोटी हिस,


तू मोबाइलवर पाठवलेला, एजन्सीचा जर्मनीतल्या नोकरीचा करार वाचला. अकरा पानं आहेत. आधी छापून आणली, कारण पेन्सिल हातात असल्याशिवाय मला दस्त वाचताच येत नाही. तुझे बाबा फोनवर म्हणाले, "सगळेच पोट्टे सही करून राहिले, हिनंच काय घोडं मारलं?" त्यांच्याशी वाद घातला नाही. सही तुझी आहे, म्हणून तुलाच लिहितो.

सिव्हिल लाइन्सला कचेरीबाहेर बसून मी आयुष्यभर खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं लिहिली. माणूस किंमत बघतो, मुदत बघतो, आणि "कसूर केल्यास" असं कलम सुरू झालं की "कुठं सही करू?" म्हणून विचारतो. तुझ्या करारात ते कलम चौथ्या पानावर आहे. त्याच्याकडे येतोच, पण आधी एक गोष्ट ऐक. तू जिथं निघालीस तिथलीच आहे.

स्टुटगार्टजवळ एन्झवाइहिंगेन नावाचं गाव आहे. तिथला गॉटलीब मिटेलबर्गर नावाचा मास्तर १७५० साली अमेरिकेला गेला. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वस्तीतल्या एका चर्चसाठी ऑर्गन पोचवायचा होता. तिथं तो ऑर्गन वाजवत आणि पोरांना शिकवत राहिला, १७५४ मध्ये परतला आणि दोन वर्षांनी त्यानं प्रवासाचं पुस्तक छापलं. माणूस कडवट होता, त्याचा हेतूच लोकांना जाण्यापासून परावृत्त करायचा होता, तेव्हा त्याचं लिहिणं थोडं हातचं राखूनच वाचावं. पण व्यवहाराचा तपशील तो एखाद्या कारकुनासारखा मांडतो, म्हणून मला तो आवडतो.

त्याच्या मुलखातून तेव्हा गावंच्या गावं निघाली होती. लढायांनी आणि करांनी माणसं पिचली होती, जमिनीचे तुकडे पडले होते. अशा वेळी झकपक कपड्यांतले दलाल गावात यायचे. त्यांना 'न्यूलेंडर' म्हणत. हॉलंडमधले जहाजवाले व्यापारी त्यांना डोईमागे दलाली देत. अमेरिकेहून येणारी पत्रं हे लोक फोडत आणि अक्षर गिरवून त्यात गोड मजकूर घालत, असं मिटेलबर्गर लिहितो. तू मला दाखवलेला व्हिडिओ आठव, किल्ल्यापुढं बर्फात उभी राहून हसणारी मुलगी. ती खरीही असेल. तिचा पगार किती, तिचा नंबर काय, एवढं मात्र त्यात नव्हतं.

भाड्याचे पैसे नसले तरी जहाजावर चढता येई, खरी मेख तिथंच होती. माणशी भाडं दहा पौंडांच्या आसपास. जहाज फिलाडेल्फियाला लागलं की ज्यांनी भाडं भरलं होतं ते उतरत. बाकीचे डेकवरच थांबत. शहरातून आणि लांबलांबच्या शेतांवरून गिऱ्हाईकं येत, धडधाकट माणसं निवडत आणि भाड्याच्या बदल्यात किती वर्षं राबायचं याचा सौदा करत. मोठ्या माणसाला तीन ते सहा वर्षं, दहा-पंधरा वर्षांच्या पोराला एकविसाव्या वर्षापर्यंत. आजाऱ्यांना कोणी घेईना. ते जहाजातच पडून राहत आणि पुष्कळ तिथंच मरत. नवरा किंवा बायको अर्ध्या वाटेनंतर समुद्रात गेली, तर मागं राहिलेल्यानं दोघांचं भाडं फेडायचं. दोघंही गेले तर पोरांनी फेडायचं. त्याच्या जहाजावर बत्तीस मुलं दगावली, तीही समुद्रातच टाकली.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. मुदत संपली की सुटणाऱ्याला एक नवा पोशाख मिळे. करारात तसं घातलेलं असेल तर पुरुषाला एक घोडा आणि बाईला एक गाय. घातलेलं असेल तर. घोडा-गाईचं आश्वासन दलालांनी सगळ्यांनाच दिलं असणार, पण तोंडी आश्वासनावर कोणाच्या दारात गाय बांधली गेल्याचं मी तरी वाचलं नाही, आणि आमच्या कचेरीतही कधी पाहिलं नाही.

तर पान चार. जर्मन भाषेचं प्रशिक्षण "मोफत", पण तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर सहा लाख भरायचे. बाबा हमीदार. रक्कम आणि तारीख न टाकलेला त्यांचा एक चेक एजन्सीकडे ठेवायचा. नर्सिंगची मूळ प्रमाणपत्रंही तिच्याकडेच. यातली एकही गोष्ट मान्य करू नकोस. कोरा चेक वटला नाही तर चेकबाबतच्या कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी होते, आणि कोर्टाच्या पायऱ्या तुझ्या वडिलांना चढाव्या लागतील, तू हजारो मैलांवर असशील. जहाजावरचं मेलेल्याचं भाडं आणि ही हमीदारी, कलम एकाच जातीचं आहे. तीन वर्षं राहा असं म्हणणं गैर नाही, पण रक्कम खऱ्या खर्चाची हवी, पावत्यांसकट, आणि दर महिन्याच्या कामागणिक ती घटत गेली पाहिजे. पासपोर्ट तर कायद्यानं सरकारची मालमत्ता आहे, तो कोणाकडेही तारण ठेवायचा नाही.

दुसरं. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. या एजन्सीचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपासून बघ. करारावर मला तो कुठं दिसला नाही. जर्मन सरकारच्या 'ट्रिपल विन' योजनेतून केरळच्या नर्सेस जातात, तिथं भरतीचा खर्च उमेदवारावर पडत नाही. आपल्या राज्यानंही २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्गशी मनुष्यबळाचा करार केला. त्याचं नाव सांगून कोणी पैसे मागत असेल तर सरकारी कागद दाखव म्हण.

तिसरं, नवव्या पानावर "नर्स म्हणून नेमणूक" असं छापलंय. तुझी पदवी तिथं मान्य होऊन परवाना मिळेपर्यंत तू सहायक म्हणून काम करशील, पगारही सहायकाचाच. परवान्यासाठी बहुधा बी-टू पातळीची भाषा लागते. तोवर दरमहा किती युरो, घरभाडं कापून हातात किती, आणि परीक्षा नापास झालीस तर काय, हे तीनही आकडे-अटी लिहून घे. पहिले सहा महिने परिविक्षेचे असू शकतात, त्यात दोन आठवड्यांच्या सूचनेवर ते तुला काढू शकतात. जर्मन मजकुराखाली तुला कळेल त्या भाषेतला मजकूर असल्याशिवाय सही नाही. १७२७ पासून फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या जर्मन पुरुषांना इंग्रजांच्या राजाशी निष्ठेच्या शपथेवर सही करावी लागे. कित्येकांनी न वाचता येणाऱ्या इंग्रजी मजकुराखाली नुसती फुली मारली.

एवढं वाचून तू म्हणशील, मामा पाय ओढतो. नाही गं. जा. १७२७ ते १७७५ मध्ये साठ हजारांहून जास्त जर्मन त्या बंदरात उतरले. पुष्कळांनी मुदत भरली, जमिनी घेतल्या, आणि लँकेस्टर भागातली त्यांची शेती बघून इंग्रज चकित झाले. जॉन पीटर झेंगर हा पोरगा १७१० साली न्यूयॉर्कला आला. बाप वाटेत वारला होता. एका छापखान्यात त्याला आठ वर्षांसाठी उमेदवार म्हणून बांधलं. पुढं त्यानं स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, गव्हर्नरवर टीका छापली म्हणून तुरुंगात गेला. तो आत असताना बायको ॲनानं अंक चालू ठेवला, आणि १७३५ मध्ये ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं. अमेरिकेत छापण्याच्या स्वातंत्र्याची गोष्ट त्या खटल्यापासून सांगतात.

तिथं कोणी तुझ्या उच्चाराला हसेल, कोणी "हे लोक फार वाढले" म्हणेल. मनाला लावून घेऊ नकोस. खुद्द बेंजामिन फ्रँकलिननं १७५१ मध्ये लिहिलं होतं की हे जर्मन आपल्यात मिसळायचे सोडून आपल्यालाच जर्मन करून टाकतील. हाच गृहस्थ त्याआधी जर्मनांसाठी त्यांच्या भाषेत वर्तमानपत्र काढून बसला होता. ते चाललं नाही, ही गोष्ट वेगळी. आपलेही लोक इंग्रजांच्या काळात करारावर मॉरिशसला राबायला गेले. आज तिथं मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. मराठी जपायची म्हणून जर्मनमध्ये ढिली राहू नकोस. वॉर्डातल्या आजीचं दुखणं तिच्याच बोलीत कळलं पाहिजे.

आणि एकटी राहू नकोस. फिलाडेल्फियातल्या जुन्या जर्मनांनी १७६४ मध्ये नव्यानं येणाऱ्यांसाठी 'जर्मन सोसायटी ऑफ पेनसिल्व्हेनिया' काढली आणि दुसऱ्याच वर्षी जहाजांवरच्या गैरप्रकारांविरुद्ध कायदा करून घेतला. संस्था अजून आहे. तुझ्यासाठी तिथं 'फेअर इंटिग्रेशन' नावाची मोफत सल्ला केंद्रं आहेत, 'वेर्डी' ही कामगार संघटना आहे. पोचल्यावर पहिल्या महिन्यातच त्यांचे पत्ते काढून ठेव. अडचण आल्यावर शोधायला बसलं की वेळ जातो.

पान चार आणि नऊवर मी पेन्सिलीनं खुणा केल्यात, फोटो पाठवतो. मूळ प्रमाणपत्रं अजून दिली नसतील तर देऊ नकोस. दिली असतील तर उद्याच जाऊन परत माग, आणि कुरकुर केली तर निदान लेखी पोच घेऊनच बाहेर पड. बदल करायला ते तयार नसतील तर मला कळव, तुझ्याबरोबर त्यांच्या ऑफिसात येतो. फक्त सोमवार नको, सोमवारी कचेरीत फार गर्दी असते.

तुझा,
मामा