पाळत, श्रवण आणि एकांत

मराठीतील 'पाळत' हा शब्द 'पाळणे' या क्रियापदाच्या अगदी जवळचा आहे. पाळणे म्हणजे सांभाळणे, जोपासणे. पाळत ठेवणे म्हणजे मात्र नकळत नजर ठेवणे. राज्यसंस्था आपल्या टेहळणीचे जे समर्थन करते, ते या दोन अर्थांतील अंतर पुसून टाकण्यावरच उभे असते. 'खासगी' या शब्दाचा इतिहासही बोलका आहे. पेशवे-होळकरांच्या दफ्तरांत 'खासगी' म्हणजे राज्यकर्त्याच्या घराण्याचा स्वतंत्र जमाखर्च. खासगीपण हा प्रजेचा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी. शब्दाचा धनी बदलला. सत्तेची सवय बदलली का, हा प्रश्न उरतो.

स्मार्टफोनने या प्रश्नाचे स्वरूप पालटले आहे. बेंथॅमच्या कारागृहाचा फूकोने जो अन्वयार्थ लावला, त्यात कैद्याला मनोरा दिसतो. मनोऱ्यात पहारेकरी आहे की नाही, एवढेच दिसत नाही. स्मार्टफोनधारकाला मनोराही दिसत नाही. पेगॅसस प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०२२ साली २९ फोन तपासले. पाचांत काही घातक प्रणाली आढळली. ती पेगॅससच होती, हे सिद्ध झाले नाही. भय खरे की खोटे, हे ठरवण्याचे साधनच भयग्रस्ताच्या हाती नसणे, हे या नव्या अवस्थेचे लक्षण होय.

तथापि, ही केवळ तंत्रज्ञानाची बाब नव्हे. जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगरचे नेते एकनाथ खडसे यांचा फोन २०१९ मध्ये अवैधरीत्या ऐकला गेला, असा आरोप झाला. फोन समाजविघातक व्यक्तींचे असल्याचे भासवून परवानगी मिळवली गेली, असे त्याचे स्वरूप होते. २०२२ साली मुंबईत गुन्हा नोंदवला गेला. पुढे सरकार बदलले, खटला चालवण्यास शासनाने मंजुरी नाकारली आणि २०२३ साली उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. आरोपाची सत्यासत्यता पुराव्याच्या कसोटीवर उतरलीच नाही. येथे व्यक्तींपेक्षा रचना महत्त्वाची आहे. १८८५ च्या तार कायद्याखालील फोन-श्रवणाला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मर्यादा घातल्या. परंतु आदेश देणारे गृहसचिव आणि त्याची छाननी करणारी सचिवांची समिती, दोन्ही शासनाचेच. ज्याच्यावर पाळत आहे तो या संवादात कोठेच नाही. कागदावर त्याच्या जागी कोणते नाव लिहिले गेले, हेही त्याला कळत नाही. राज्याच्या राजकारणात वजन असलेल्या नेत्याच्या तक्रारीची ही गत; मग शिरपूर वा चोपड्याच्या सामान्य माणसाने कोणत्या दाराशी जावे?

याविरुद्धचा सर्वांत गंभीर युक्तिवाद धुळे जिल्ह्यातूनच येतो. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी होते. अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरलेली होती. बंद संदेशांआड मृत्यू वाढत असेल, तर कुलूप उघडण्याचा अधिकार राज्याला नको काय? २०२१ च्या नियमांनी संदेशाचा मूळ कर्ता शोधून देण्याची सक्ती केली, ती याच तर्काने.

हा युक्तिवाद हलका नाही. पण तो राईनपाड्याला लागू पडत नाही. ती अफवा गुप्त नव्हती. ती हातोहात, उघड फिरत होती. ती वाचण्यासाठी कोणतेही कुलूप फोडावे लागत नव्हते. पाच जीव गेले ते राज्याला ऐकू न आल्यामुळे नव्हे. जे सर्वांना ऐकू येत होते त्याला वेळीच विश्वासार्ह उत्तर न मिळाल्यामुळे. शिवाय संशयिताचे चित्र फोनने निर्माण केले नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवून हजेरीला बांधले. १९५२ साली कायदा गेला, पण भटकंती म्हणजेच अपराध ही नजर उरली. त्या दिवशी पाळत जमावाने ठेवली होती, आणि ती रक्षणाच्या नावानेच. पाळणे आणि पाळत यांतील अंतर पुसले की काय होते, हे राईनपाडा सांगतो.

मग दुसऱ्याचे ऐकणे हेच मुळात अनैतिक काय? याचे उत्तरही धुळ्यात आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पहाऱ्याच्या त्या वास्तूत दोन श्रवणे एकाच वेळी नांदत होती. लेखणी घेऊन बसलेला श्रोता वक्त्याच्या समोर होता. वक्त्याला तो ठाऊक होता. टिपलेले शब्द वक्त्याचेच राहिले. पाळतीत या तिन्ही गोष्टी उलट्या होतात. श्रोता अदृश्य, वक्ता अनभिज्ञ, आणि शब्दांचा अर्थ लावण्याचा अधिकार केवळ श्रोत्याचा.

म्हणूनच 'ज्याने काही केले नाही त्याने का भ्यावे' हा प्रश्न अपुरा आहे. एकांत हा केवळ गुपितांचा कोष नसतो. तो अपुऱ्या वाक्यांचा, मागे घेता येणाऱ्या विचारांचा, खोडाखोडीचा अवकाश असतो. कच्चा खर्डा पक्की प्रत म्हणून वाचणारा वाचक चुकीचे वाचतो, हे समीक्षेला ठाऊक आहे. असा वाचक शासन असते, तेव्हा त्याच्या चुकीच्या वाचनाची शिक्षा लेखकाला भोगावी लागते.